गिरणीवरच्या बाया आणि घरातली शांतता

माझी भिशी लागली त्या संध्याकाळी आमच्या घरात नव्या फ्रिजचा रंग ठरत होता. मी आत भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत नवरा आणि सासूबाई बसले होते, बारावीतली मुलगी हातात पुस्तक घेऊन दारात उभी होती. लाल घ्यावा की करडा, एका दाराचा की दोन दारांचा, सगळं माझ्या कानावर येत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. भिशी मी भरत होते, शाळेतल्या बायकांच्या गटात, माझ्या शिक्षिकेच्या पगारातून. जुना फ्रिज खालून गळायचा हे खरं. त्याच्याखाली आम्ही गोणपाट टाकायचो आणि ते रोज पिळून वाळत घालायचं काम माझ्याकडेच होतं. तेव्हा फ्रिजची निकड घरात सगळ्यांत जास्त कुणाला होती, हे वेगळं सांगायला नको.

तव्यावरची भाकरी उतरवून मी बाहेर आले आणि म्हणाले, "फ्रिज न्हाई घ्यायचा. मला माईक घ्यायचाय."

"माईक?" सासूबाई म्हणाल्या. "शाळंत न्हाई का माईक?"

नवरा हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाला, "शौकच हाय तर मोबाईलवर कर की. मोबाईलमधी बी रेकॉर्डिंग होतंय."

शौक. हा शब्द मी त्या दिवसापासून इतक्या वेळा ऐकला की तो कानात खड्यासारखा बसलाय. नवऱ्याचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, खत-बियाण्याचं दुकान आहे. आदल्याच दिवाळीत त्यानं दुकानात भिंतभर टीव्ही लावला होता, मॅच बघत गिऱ्हाईक बसतंय म्हणून. त्याला शौक कुणी म्हटलं नाही. तो धंदा होता.

मी काय करत होते ते सांगते. माझं माहेर पेडगाव. लहानपणी आई मला जवारीचा डबा देऊन गिरणीवर पाठवायची. तिथं बायांची रांग असायची. पट्ट्याचा आवाज एवढा की प्रत्येकीला ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळं कुणाच्याच घरातली गोष्ट खासगी राहायची नाही. कुणाचा जावई रुसला, कुणाच्या सुनेनं शेतातच पोराला जन्म दिला, कोण कुणाशी बोलत नाही आणि कशावरून, सगळं पिठासारखं हवेत उडायचं. ते माझ्या अंगात मुरलं होतं. लग्न होऊन सेलूला आले, शाळेत लागले, मुलगी झाली, आणि या सगळ्यात मी अधूनमधून त्या बाया लिहीत राहिले. आधी वाटलं पुस्तक करावं. मग ध्यानात आलं की ज्यांच्याबद्दल मी लिहितेय त्या पुस्तक उघडणार नाहीत. मोबाईल मात्र आता प्रत्येकीच्या पोलक्यात असतो. कापूस वेचता वेचता, चुलीपुढं बसल्या बसल्या ऐकता येईल असं काहीतरी करावं. म्हणून मी ऐकायचं नाटक लिहिलं, भागाभागांचं. नाव ठेवलं 'गिरणीवरच्या बाया'. त्यातली प्रत्येक बाई आमच्याकडं बोलतात तसंच बोलत होती.

मोबाईलवर मी आधी रेकॉर्ड करून बघितलं होतंच. पंखा बोलायचा आणि बाई गप्प बसल्यासारखी वाटायची. म्हणून माईक. कुणाचा होकार न घेता मी तो मागवला. खोकं घरी आलं त्या दिवशी सासूबाईंनी ते उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंसंच हाय की. फ्रिज केवढा आला असता."

आमचं घर तीन खोल्यांचं. त्यातल्या एकाच खोलीचं दार नीट लागतं आणि ती मुलीला अभ्यासाला दिलेली. मुलगी अकरावीत गेल्यापासून आमच्या घरात शांततेचा कायदा लागू झाला होता. सासूबाईंच्या मालिका आवाज बंद करून. कुकरची दुसरी शिट्टी होण्याआधी गॅस बारीक. नवरा फोनवर बोलायला अंगणात जायचा, आणि पाव्हणा आला तर दारातच तोंडावर बोट ठेवून त्याला सांगायचा, "पोरगी अभ्यास करायलीय." पाव्हणाही गुमान चप्पल हातात घेऊन आत यायचा. हे मला मान्यच होतं. मी स्वतः मास्तरीण आहे. माझ्या मुलीच्या अभ्यासाबद्दल माझी काडीची तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण या घराला गप्प बसता येतं, मनावर घेतलं तर अगदी साधतं, हे मी त्या काळात डोळ्यांनी बघितलं. पुढं जो संताप झाला तो त्यामुळंच.

मी गच्चीवरची पत्र्याची खोली निवडली. तिथं पारवे. पारव्यांना हाकललं तर गाडी. आमचं घर स्टेशनापासून जवळ, आणि ड्रायव्हरचा हात भोंग्यावर पडायला माझंच वाक्य सापडायचं. मग मी खाली मधल्या खोलीत आले. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यांच्यावर गोधड्या टाकायच्या, मध्ये खुर्ची, खुर्चीवर मी, तोंडासमोर माईक. आत घामाच्या धारा लागायच्या. पण आवाज सुरेख यायचा. नाटकातल्या गिरणवालीचं काम माझ्या शाळेतली मैत्रीण करत होती. ती गणित शिकवते. जयंतीच्या कार्यक्रमात लहानपणापासून स्टेजवर उभी राहिलेली, माईकसमोर तिला कसलीच भीती नाही. रविवारी स्वतःच्या घरचं आवरून ती यायची आणि गोधडीत शिरायची.

खऱ्या गिरणीचा आवाज हवा होता म्हणून एकदा नवरा मला गाडीवरून पेडगावला घेऊन गेला. हे मी सांगितलंच पाहिजे. दुकान नोकरावर टाकून आला, ऊन मी म्हणत होतं, तरी कुरकुर केली नाही. गिरणीवर मी माईक काढला तर गिरणीवाला माझ्याकडं न बघता नवऱ्याला विचारायला लागला, "साहेब, काय सर्व्हे हाय का?" तो म्हणाला, "मला न्हाई ठाव, तिलाच इचारा." मी समजावून सांगितलं. गिरणीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा त्यालाच विचारलं, "मग कधी लागंल हे टीव्हीवर?" आम्ही दोघं वाटभर हसत आलो. तो दिवस चांगला होता.

मग तो रविवार आला. मैत्रीण गोधडीत. गिरणवालीचा मोठा प्रसंग चालू. नवरा मेल्यावर दीर गिरणी बळकावायला येतो आणि ती पट्टा चालू ठेवून, पिठाच्या धुरळ्यात उभी राहून त्याच्याशी भांडते, असा तो प्रसंग. मैत्रिणीला असा काही सूर सापडला होता की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आणि मधलं दार उघडलं.

"अगं, पाव्हणे आलेत," नवरा म्हणाला. त्याचा चुलतभाऊ आणि त्याची बायको.

"रेकॉर्डिंग चालूय," मी हळू आवाजात सांगितलं.

"मग दोन मिनटं बंद कर की. चहा तर ठेव."

मी चहा ठेवला. चहावर पोहे झाले. पोह्यांवर जाऊबाईंना माहेरची नवी खबर सांगायची होती. मैत्रीण थोडा वेळ गोधडीजवळ बसून राहिली, मग तिच्याही घरून फोन आला आणि ती गेली. जाऊबाईंनी विचारलं, "वहिनी काय करायलत्या आत?" तर नवरा म्हणाला, "काही न्हाई. शौक हाय तिचा. आवाज भरती." मुलीच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या दाराकडं बघून सगळेजण दबक्या आवाजात बोलत होते, तेही शेवटपर्यंत.

पाव्हणे गेल्यावर मी विचारलं, "पोरीचा अभ्यास असला की तुमी दारातच पाव्हण्याला गप करता. माझ्यासाठी एकदा सांगता आलं नसतं का, ती कामात हाय म्हणून?"

"तिचं करिअर हाय," तो म्हणाला. "तुझं काय हाय, सांग."

तो हे चिडून म्हणाला नाही. अगदी साधेपणानं, खरोखर माहीत करून घ्यायचंय असं म्हणाला. चिडून म्हणाला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. मी मोरीत जाऊन कपबश्या घासत बसले. शाळेत शिकवते ते माझं करिअर, असं तो धरून होता का? की तेही नाही? घरचं पाणी, दोन्ही वेळचं जेवण, शाळा, पेपर तपासणं, सासूबाईंची गोळी, मुलीचा डबा, हे सगळं ओलांडून मी आठवड्यातून दोन तास मागत होते. आणि त्या दोन तासांनी कुणाचं काय होणार, असा प्रश्न मला माझ्याच घरात विचारला गेला होता. फुकटात नव्हते मागत. माईक माझा, कष्ट माझे, गोधड्याही माझ्या माहेरच्या.

तो प्रसंग मैत्रिणीला पुन्हा तसा साधला नाही. आम्ही दोनदा केला. चांगला झाला, पण पहिला तो पहिला. तो तसाच अर्ध्यावर तुटलेला माझ्याकडं आहे.

नाटकात एक म्हातारी होती. ती दळण घेऊन येते पण दळत नाही, कारण घरी गेलं की सुनेचं तोंड बघावं लागतं, म्हणून प्रत्येकीला आपला नंबर देत ती दिवसभर तिथंच बसते. तिचा आवाज मीच काढत होते. सासूबाई बाहेर तुरीची डाळ निवडत ऐकत असायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "म्हातारी कोण झालीय?"

"मीच, आत्या."

"तू कशाची म्हातारी होतीस." त्यांनी डाळीत हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला कामून इचारलं न्हाईस?"

मला आनंदच झाला. पण माईकसमोर बसल्या आणि माझ्या सासूबाई कुठं गेल्या कळेना. रोज सकाळी दूधवाल्याशी भांडणारी ती बाई खुर्चीत ताठ बसून म्हणायला लागली, "मी आपल्याला सांगू इच्छिते की, माझी सून मला अतिशय त्रास देत आहे." मी म्हटलं, आत्या, घरी बोलता तसं बोला. तर म्हणाल्या, "घरचं घरी. हे लोक ऐकणार हायेत."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर राणीसावरगाव. तिथली ही मुलगी लग्न होऊन सेलूला आली तेव्हा इथल्या बायका तिच्या बोलण्याला हसायच्या. सेलू म्हणजे बाजारपेठ, रेल्वे, शिकलेली माणसं. एकदा हळदी-कुंकवाला तिनं काहीतरी विचारलं आणि साऱ्याजणी तिची नक्कल करत सुटल्या. त्या दिवसापासून चार लोकांत जायचं म्हटलं की सासूबाई तोंडातल्या तोंडात वाक्य आधी घासून घ्यायच्या. एवढी वर्षं! हे ऐकून मला इतका राग आला की कुणावर काढावा ते समजेना. हसणाऱ्या त्या बायकाही बहुतेक कुठल्यातरी गावातूनच आलेल्या असणार, आणि त्यांनाही आधी कुणीतरी हसलं असणार.

काही दिवस आमचं असंच अडलं. मग एका दुपारी सासूबाई पाय मोकळे करायला खुर्चीवरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजखालच्या पाण्यात त्यांचा पाय पडला. तिथूनच त्यांनी तोंड सोडलं. "ह्याला म्हणतेत संसार! पाणी वाहायलंय, गोणपाट कुजायलंय, अन् बाईसाहेब गोधडीत बसून गिरणी चालवायल्यात. आगं, माझा पाय मोडला असता म्हंजी? तुझ्या त्या डबड्यानं मला दवाखान्यात नेलं असतं व्हय?" आत येऊन खुर्चीत बसल्या तरी थांबेनात. माईक चालूच होता.

त्यांचं संपल्यावर मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि तेच ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"मी अशी बोलते व्हय?"

"अशीच बोलता."

"लय भांडकुदळ हाय की गं मी." आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "ठिऊ का हे नाटकात?" मी विचारलं. "फ्रिजचं काढून टाक," त्या म्हणाल्या. "गिरणीवर कुठून आला फ्रिज." त्यानंतर मला त्यांना काही शिकवावं लागलं नाही. उलट मी लिहिलेल्या ओळी त्या ऐकून घ्यायच्या, बाजूला ठेवायच्या आणि आपलं म्हणायच्या.

एकेक भाग तयार झाला तसा आम्ही तो इंटरनेटवर टाकत गेलो. सुरुवातीला आमच्याच शाळेतल्या बायकांनी ऐकला. मग पेडगावची मावशी फोनवर ओरडली, "आगं, ही म्हातारी कोण हाय? आमच्या गल्लीतलीच वाटायलीय." जिंतूरकडच्या कुण्या बाईनं आवाजी निरोप पाठवला. मागं वाऱ्याचा आवाज, बायांचं बोलणं. सांगत होती की कापूस वेचताना एकीच्या मोबाईलवर लावतो आणि सगळ्या एका ओळीनं पुढं सरकतो. तो निरोप मी सासूबाईंना ऐकवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

दुकानात गिऱ्हाईकं नवऱ्याला विचारायला लागली, "शेठ, तुमच्या घरचंच हाय का ते गिरणीचं?" त्यानंतर घरात एक नवा शब्द आला. 'आमचं नाटक.' तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "आमचं नाटक लय चाललंय." मला ते खटकलं. कालपर्यंत माझा शौक होता, चालल्यावर आमचं नाटक झालं. पण मी ते चालवून घेतलं, कारण तो खुश होता आणि मलाही कुणीतरी खुश झालेलं हवंच होतं.

मार्च महिना आला की बायकांचे सत्कार सुरू होतात. परभणीच्या एका मंडळाकडून फोन आला. फोन नवऱ्याला आला. माझा नंबर नाटकाच्या पानावर लिहिलेला होता. तरी दुकानाच्या पाटीवरचा नंबर कुणाकडून तरी शोधून त्यांनी त्याला सांगितलं, "मॅडमना घेऊन या." पत्रिका छापून आली. माझ्या नावाआधी सौ., नावानंतर त्याचं नाव, आडनाव. नाटकाचं नाव कुठंच नाही. 'कला व संसार यांचा सुरेख मेळ घालणाऱ्या' असं मात्र होतं.

सासूबाईंनी जरीकाठाचं लुगडं इस्त्रीला दिलं होतं. पत्रिका बघून त्यांनी विचारलं, "मला न्हाई का बोलावलं?"

"आई, दोघांचंच हाय," नवरा म्हणाला.

मी मंडळाच्या माणसाला फोन केला. म्हटलं, नाटकात काम केलेल्या दोघीजणी आहेत, त्यांनाही स्टेजवर बोलवा. तो म्हणाला, "ताई, स्टेजवर पाहुण्यांनाच जागा पुरत नाही. त्यांचं आपण नंतर बघू." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. पोरीची परीक्षा चालू हाय, तिच्या जेवणाचं बघाय कुणीतरी पाहिजेच." मैत्रीण मात्र आपल्या तिकिटानं आली आणि मागच्या रांगेत बसली.

सभागृह भरलेलं. प्रमुख पाहुणे बराच वेळ बोलले. आपल्या भागाची भाषा जरा रांगडी, अशुद्ध, तरीही ताईंनी धाडस केलं, असं म्हणाले. मग सूत्रसंचालकानं माईक घेतला. "घरसंसार सांभाळून, सासूबाईंची सेवा करून, आणि मुख्य म्हणजे यजमानांच्या परवानगीनं ताईंनी हा छंद जोपासला. अशा मोठ्या मनाच्या यजमानांचा आपण आधी सत्कार करू या."

माझ्या शेजारून माझा नवरा उठला. त्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. फोटो झाला. टाळ्या झाल्या. त्यानंतर माझं नाव पुकारलं आणि मला साडी दिली. नाटकाचा एक तुकडा ऐकवायचं ठरलं होतं, मी तो नीट कापून पेन ड्राइव्हवर नेला होता. तो 'वेळेअभावी' राहिला. मला सांगितलं, "ताई, दोन शब्द. थोडक्यात."

मी घरून लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं.

"मी परवानगी मागितली नव्हती," मी म्हणाले. "आणि कुणी दिली बी नव्हती. मी कमावलेल्या पैशातून माईक घेतला, वेळ काढून लिहिलं. छंद नव्हता, काम होतं. ज्या दोघींनी माझ्याइतकंच काम केलं त्यातली एक मागच्या रांगेत बसलीय आणि एक घरी भाकऱ्या करायलीय, कारण इथं स्टेजवर जागा न्हाई. आणि ही भाषा अशुद्ध न्हाई. तुमी सगळे आईशी हीच बोलता."

मागं बायांच्या रांगांत कुणीतरी हसलं, टाळ्या वाजल्या. मला पुढं बोलायचं होतं. मला नवऱ्याचे आभारही मानायचे होते, पेडगावला नेल्याबद्दल, आणि ते मी मनापासून मानले असते. तोवर सूत्रसंचालक "धन्यवाद ताई, वेळेचं बंधन आहे" म्हणत माईकला हात लावून उभा होता. माईक त्याच्याकडं गेला आणि प्रमुख पाहुणे खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, "बघा, इथं असं, तर घरी यजमानांचं काय होत असेल!"

सभागृह त्यावर हसलं, माझ्या बोलण्यावर हसलं होतं त्याच्या कितीतरी पट. पहिल्या रांगेतल्या बायकाही हसल्या. नवरा फेटा सावरत खाली बघत होता. एवढी माणसं एका साध्या गोष्टीवर इतक्या सहज हसून मोकळी होऊ शकतात, हे मला अजून सहन होत नाही. मी काय विनोद केला होता?

परतीच्या गाडीत मैत्रीण मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसली. पेडगाव येईपर्यंत नवरा फेट्याची घडी घालत बसला. मग म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"तुमची न्हाई केली."

"मग कुणाची? शाल माझ्या अंगावर होती."

"तेच इचारायलेय. कामून होती?"

"नाव पुकारल्यावर काय करायचं माणसानं? बसून राहायचं?"

"बसून राहायचं. न्हाईतर उठून एक वाक्य बोलायचं. हे हिचं काम हाय, हिलाच द्या, म्हणायचं."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गाडीवर कोण घेऊन गेलतं तुला? पाव्हण्यारावळ्यांचं कोण ऐकून घेतलं? त्याचं काहीच न्हाई का?"

त्याचं काहीच नाही असं नव्हतं. पण गाडीवर नेल्याची शाल वेगळी आणि परवानगीची शाल वेगळी, हे मी त्याला सेलू येईपर्यंत सांगत राहिले, आणि त्याला ते पटल्याचं त्यानं दाखवलं नाही.

घरी सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी मुलाची बाजू घेतली. "मालकाला असं लोकांत बोलतेत का? त्याची काय इज्जत राहिली?" मी मिळालेली साडी कपाटात ठेवली. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "अन् माझं सांगितलंस का?"

"सांगितलं. घरी भाकऱ्या करायल्यात म्हणलं."

त्या भडकल्या. "भाकऱ्या कामून सांगितल्या? भाकऱ्या कोण करत न्हाई? मी म्हातारीचं काम केलंय, ते सांगायचं!"

त्या दिवशी मला कुणी बरोबर रागावलं असेल तर त्याच.

माझ्या बोलण्याचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो फिरला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत कुणी पुरुष सहकारी चहा मागताना म्हणायचा, "मॅडम, परवानगी हाय ना?" नवरा आठवडाभर हूं आणि हां एवढंच बोलत होता. मुलीनं परीक्षेच्या धांदलीतही व्हिडिओ बघितला होता. तिनं मला विचारलं, "आई, तू बाबांना आधीच घरी सांगायचं होतंस ना, असं झालं तर काय करायचं ते." मी तिला म्हटलं, बाई गं, हेही मीच आधी सांगून ठेवायचं का?

परीक्षा संपली त्या रविवारी दुपारी घरातला टीव्ही पूर्ण आवाजात लागला. दोन वर्षांचा कायदा एका जेवणात उठला. मी गोधड्या काढल्या, कपाट उघडलं, आणि बाहेर येऊन टीव्ही बंद केला.

"आता काय झालं?" नवरा म्हणाला. "परीक्षा झाली की तिची."

"शेवटचा भाग राहिलाय. चारपर्यंत आवाज नको. कुणी आलं तर तुमी चहा करा."

मी विचारत नव्हते हे त्याला कळलं. तो उठला, चप्पल घातली आणि फाटक आपटून बाहेर गेला. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मुलाच्या मागं बघत म्हणाल्या, "डोकं फिरलंय तुझं." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "हं. कुठवर आलतो आपण?"

शेवटचा भाग झाला. तोही लोकांनी ऐकला. आता मी नवं लिहायला घेतलंय. नवरा कधी टीव्ही बंद ठेवतो, कधी नाही. एकदा पाव्हणे आले तेव्हा त्यानं खरंच चहा केला आणि मग दोन दिवस त्या चहाबद्दल ऐकवलं. भांडण मिटलेलं नाही, आम्ही ते घरात ठेवून जगतोय. बरीच घरं अशी जगत असावीत.

परवा आठवडी बाजारात वांगी निवडताना एका बाईनं मला ओळखलं. नाटक आवडल्याचं भरभरून सांगितलं, म्हातारीची नक्कलही करून दाखवली. मग म्हणाली, "पण मालक लय चांगले हायेत बरं का तुमचे. करू देतेत. आमच्याकडं न्हाई चालत."

"करू देत न्हाईत," मी म्हणाले. "मी करते. तुमी बी करा."

तिला ते बहुतेक उद्धट वाटलं. हातातली वांगी तिनं टोपलीत परत टाकली आणि ती पुढच्या पालावर गेली.